कोरडं कपाळ

गळ्यातला पंखा बंद पडलाय की चालू आहे, ते कळेना. सोनलने बोट लावून पाहिलं. पांढऱ्या प्लॅस्टिकची ती कमान मानेभोवती नीट बसलेली होती, आतली चिमुकली पाती फिरत होती, त्यांची थरथर बोटाला लागत होती—फक्त वारा म्हणून जे काही जबड्याखाली येत होतं ते बाहेरच्या हवेइतकंच गरम होतं, कुणाच्या तरी तोंडातून आल्यासारखं ओलसर, वापरलेलं. आयर्लंडमधल्या मैत्रिणीने निघताना हे खेळणं हातात दिलं तेव्हा दोघी केवढ्या हसल्या होत्या. एप्रिल संपत आला होता आणि तिथल्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर पावसाची बारीक भुरभुर चालली होती... तुझ्या देशात तू वितळशील, असं ती मैत्रीण म्हणाली होती आणि सोनल म्हणाली होती, मी तिथेच वाढलेय, माझ्या कातडीला ठाऊक आहे ते ऊन.

कातडीला काहीही ठाऊक नव्हतं. नऊ वर्षांत ती सगळं विसरून बसली होती.

बस हलत नव्हती. खोपटच्या डेपोतून मुरबाडची गाडी सुटली तेव्हा ठीक होतं, माजिवडा सोडून हायवेला लागल्यावर तर खिडकीतून भणाणता वारा येत होता, गरम असला तरी वारा. पण राजनोली नाक्यावरून गाडी कल्याणच्या रस्त्याला वळली आणि कोन गावाच्या पुढे ट्रक, टँकर, रिक्षा यांच्या रांगेच्या शेपटाला जाऊन टेकली. पुढे दुर्गाडीचा पूल, पुलाखाली खाडी, आणि खाडीवरून येणारी हवा वाहत नव्हती, नुसती येऊन अंगावर बसत होती, ओल्या घोंगडीसारखी. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, दार उघडून तो खाली उतरला आणि शेजारच्या ट्रकच्या सावलीत जाऊन उभा राहिला. बसचा पत्रा वरून तापत होता. पुढच्या सीटवरची लहान मुलगी पुन्हा पुन्हा वळून सोनलच्या गळ्यातल्या पंख्याकडे बघत होती आणि तिची आई तिला दरवेळी खांद्याला धरून सरळ बसवत होती.

सोनलच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत तिची सगळी तयारी—थंड पाण्याची बाटली, क्षारांच्या पावडरीची पाकिटं, ओला करून घडी घातलेला टॉवेल. निघण्याआधी तिने फोनवर वाचून काढलं होतं, उष्ण आणि दमट देशात प्रवास करताना काय करावं. सैल सुती कपडे घाला, फिकट रंगाचे. तहानेची वाट बघू नका. मनगटं ओली ठेवा. दुपारी बाहेर पडू नका... वाचताना गंमत वाटली होती, की आपण आपल्याच गावाची माहिती परक्या माणसासारखी वाचतोय. तरी तिने सगळं पाळलं होतं. दुपारी बाहेर पडू नका, हे सोडून.

शेजारी, खिडकीशी, गोदाआत्या बसली होती. बारशाला निघालेली. सोनलच्या धाकट्या भावाची, सुदेशची मुलगी दीड महिन्याची झाली होती आणि आज संध्याकाळी शहाडला त्याच्या घरी तिचं नाव ठेवायचं होतं—सोनल नऊ वर्षांनी आली म्हणून बारसं तिच्यासाठी मुद्दाम थांबवलेलं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. सोनल सात वर्षांची असताना आई गेली, त्यानंतर आत्या देवगडहून आली ती परत गेलीच नाही. औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली, लग्न केलं नाही, दोन्ही मुलांना मोठं केलं, आणि भाऊ गेला, मुलंही बाहेर पडली, तेव्हा खोपटच्या त्याच दोन खोल्यांत एकटी राहिली. आज तिने मोरपंखी रंगाची रेशमी साडी नेसली होती, अंगभर लपेटून, आणि मनगटापर्यंत बाह्यांचं त्याच रंगाचं पोलकं. सकाळी सोनलने विचारलं होतं, एवढ्या उकाड्यात लांब बाह्या कशाला. काठ चांगला दिसतो, आत्या म्हणाली होती. आणि सोनलला ते पटलं होतं... काठ खरंच चांगला दिसत होता.

सुदेश गाडी पाठवणार होता. थंड हवेची. आत्यानेही सकाळी सांगून पाहिलं होतं, की ऊन फार आहे, गाडीत गार बसून जाऊ. पण सोनललाच एसटी हवी होती. लहानपणी मे महिन्यात खोपटच्या डेपोतूनच ते तिघं गावाला जायचे. आत्या मध्ये, ही दोघं खिडकीसाठी भांडत, आणि आत्या तिच्या हातरुमालाला पाणी लावून आळीपाळीने दोघांच्या डोक्यावर ठेवायची, फ्रॉकच्या खिशात कांदा घालायची, ऊन लागू नये म्हणून... सोनलला ते सगळं एकदा पुन्हा हवं होतं. तेच तिने बोलूनही दाखवलं होतं. तेव्हा आत्या हसली होती आणि तुझी हौस म्हणाली होती.

राजनोलीला गाडी वळल्यापासून ऊन आत्याच्या बाजूने येत होतं. खिडकीच्या चौकटीतून ते सरळ तिच्या मांडीवर, पोलक्यावर, अर्ध्या चेहऱ्यावर पडलं होतं. सोनलने जागा बदलू म्हटलं, तर आत्याने मान हलवली. पाणी दिलं, तर तेही नको. "नको गो," ती म्हणाली, "मग उतरावं लागतं. बाईमाणसाने जायचं कुठे या रस्त्यात?" सोनलने बाटली परत पिशवीत ठेवली. खरं तर स्वतः दोन घोट पिऊन मग ठेवली. टॉवेल मानेवर फिरवला. घाम पुसला तरी पुसला जात नव्हता, कानामागून, पाठीच्या पन्हळीतून, गुडघ्यांच्या मागून तो वाहत होता, सुती कुर्ता अंगाला चिकटून आपलीच दुसरी, ढिली कातडी झाल्यासारखा—आणि शेजारी आत्या. रेशमात. लांब बाह्यांत. उन्हात. तिच्या कपाळावर घामाचा एक थेंब नव्हता.

सोनल ते कितीतरी वेळ बघत राहिली. कपाळ कोरडं, तापलेल्या दगडासारखं, किंचित लालसर. कुंकवाची कडसुद्धा फुटली नव्हती. हिला सवय आहे, तिच्या मनात आलं. हिच्या शरीराला हे ऊन पाठ आहे. ही इथली आहे, आणि मी गळ्यात खेळणं अडकवून बसलेली पाहुणी. एक बारीकसा मत्सर वाटला तिला—हो, मत्सरच, दुसरा शब्द नाही त्याला. आणि मत्सराच्या पाठोपाठ अभिमान... बघा, अशी आहे आमची आत्या, असं कुणाला तरी सांगावं. तिने फोन काढून आत्याचा एक फोटोही घेतला. आत्याने फोटोकडे बघितलं नाही. ती समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होती.

"गुणाजीला हाक मार," आत्या म्हणाली. "भांडी भरून ठेवायला सांग. नळ जाईल आता."

गुणाजी म्हणजे सोनलचे वडील. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती. सोनल हसली. डोळा लागला असेल, झोपेत बोलली असेल, असं तिला वाटलं. म्हातारी माणसं बोलतातच असं, आणि खोपटच्या घरी पाणी जाण्याआधी वडील खरंच भांडी भरायला धावायचे, ते आठवून तिला बरंसुद्धा वाटलं. सांगते हां, असं ती म्हणाली. मस्करीत. सांगते हां म्हणाली आणि फोनमधला फोटो सुदेशला पाठवायला लागली, पण रेंज नव्हती, ते गोल चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं...

आत्याचं डोकं खिडकीच्या गजावर आपटलं तेव्हा सोनलने वर पाहिलं.

आवाज लहानसा झाला होता. डबा ठेवल्याचा व्हावा तेवढा. आत्याचे डोळे अर्धवट उघडे होते आणि त्यात कुणी नव्हतं. सोनलने तिचा हात धरला—आणि हात चटकन सोडला, कारण तो भाजला. माणसाचं अंग इतकं गरम असू शकतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. ताप असतो तसं नव्हे ते; तापात अंग माणसाचंच राहतं. हे तव्यासारखं होतं. तिने पुन्हा हात धरला, पोलक्याची बाही वर सारून मनगट दाबलं, आणि मनगटही कोरडं, खरखरीत... आणि मग ते आलं. फोनवर वाचलेलं. ते ती विसरली नव्हती, ते तिथेच होतं सगळा वेळ, फक्त स्वतःसाठी म्हणून वाचून ठेवलेलं: घाम येतोय तोवर शरीर झुंजतंय, घाम थांबला, कातडी कोरडी पडली, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर आता वेळ नाही.

मी फोटो काढला. ती मरत होती आणि मी तिच्या कोरड्या कपाळाचा फोटो काढला.

ती ओरडली नाही. नंतर आठवताना तिला याचंच नवल वाटलं, की आपण किती हळू आवाजात म्हणालो, हिला ऊन लागलंय, मला मदत करा. पुढच्या सीटवरची बाई उठली, कंडक्टर आला, कुणीतरी ड्रायव्हरला हाक मारली. दोघातिघांनी आत्याला उचललं आणि मधल्या वाटेत आडवं केलं. सोनलने बाटलीतलं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. रेशमाने ते पाणी घेतलंच नाही, पारा घसरावा तसं ते घसरून बसच्या जमिनीवर गेलं. आजूबाजूच्या लोकांनी आपापल्या बाटल्या पुढे केल्या. कोमट पाणी, कुणाचं सरबत. कंडक्टर खाली उतरून रांगेतून धावत गेला होता आणि परत आला तो राकेश नावाच्या एका टेम्पोवाल्याला घेऊन, दोघांच्या मध्ये गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची अर्धी लादी. त्या राकेशने ती लोखंडी पायरीवर आपटून फोडली. बर्फाचे तुकडे, त्यांना चिकटलेला भुसा, आणि त्या भट्टीत अचानक एक थंड वास.

मानेला लावा. काखेत. जांघेत. तेही तिने वाचलं होतं, मोठ्या रक्तवाहिन्या जिथे कातडीजवळ येतात तिथे. काखेत लावायचा तर पोलकं काढायला हवं होतं.

ही बाई आयुष्यात कधी कुणासमोर उघडी झाली नव्हती. दोन खोल्यांच्या घरात, तीन माणसांमध्ये, ती पहाटे सगळ्यांच्या आधी उठून अंघोळ करायची, आणि कपडे बदलताना दाराला पाठ लावून उभी राहायची. दवाखान्यात डॉक्टरने पाठ तपासायची म्हटलं तरी पदराआडून. सोनलला ते सगळं ठाऊक होतं आणि तिची बोटं हुकांवर होती. पुढच्या सीटवरच्या बाईने आपली ओढणी पसरून आडोसा धरला, दुसऱ्या बाजूने आणखी एकीने. पुरुषांना तिने मागे वळायला सांगितलं, आणि ते वळले. हुक घट्ट होते. शेवटचे दोन निघेनात, तेव्हा सोनलने दोन्ही हातांनी कापड ओढून फाडलं.

डाव्या बाजूने एक कापडी गोळा बाहेर आला. हाताने शिवलेला, कापूस भरलेला, जुन्या साडीच्या मऊ तुकड्याचा. तो जमिनीवर पाण्यात पडला. सोनलला आधी कळलंच नाही तो काय आहे. तिने तो उचलून बाजूला ठेवला, एखादी उशी ठेवावी तसा, आणि मग वळून पाहिलं.

तिथे छाती नव्हती. एक सपाट, ताणलेली जागा होती आणि तिच्यावरून काखेपर्यंत गेलेली एक तिरपी रेघ, फिकट, चकचकीत, दोन्ही अंगांना टाक्यांच्या खुणा. जखम नव्हे. जखम केव्हाच भरली होती. वण जुना होता, कितीतरी महिन्यांचा, कदाचित वर्षांचा, घरातल्या वस्तूसारखा आपल्या जागी बसलेला. त्या बाजूचा दंड दुसऱ्यापेक्षा जाड, सुजलेला. म्हणून लांब बाह्या... काठ चांगला दिसतो म्हणून नव्हे.

हे दुसऱ्याच कुणाचं शरीर आहे, असं तिला क्षणभर स्पष्ट वाटलं. आपण चुकीच्या बाईचं पोलकं फाडलंय. तिने आत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा आत्याचाच होता.

ओढणी धरलेल्या बाईनेही ते पाहिलं असणार. तिने ओढणी आणखी खाली आणली. सोनलने बर्फ उचलला आणि उजव्या काखेत ठेवला, मग डाव्या. डाव्या काखेत वणाचं टोक होतं, बर्फ तिथे ठेवताना तिचा हात थांबला—दुखेल का हिला—आणि मग तिने ठेवला. मानेला धरला. मांड्यांमध्ये साडीवरून धरला. बर्फ भराभर वितळत होता, जणू तव्यावर ठेवलाय. तिची स्वतःची बोटं बधिर झाली. कुणीतरी वर्तमानपत्राने वारा घालत होतं. त्या सगळ्या वेळात तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं आणि ते आत्या जगेल का, हे नव्हतं. ते होतं—कधी झालं हे?

पुलाच्या अलीकडे एक वाहतूक पोलीस होता, त्याने समोरून येणाऱ्या गाड्या अडवून एक रिक्षा उलट्या बाजूने आत घेतली. सोनलने आत्याला मांडीवर घेतलं. साडी गोळा करून, ओल्या टॉवेलने छाती झाकून, तो कापसाचा गोळाही पिशवीत टाकून. तो तिथे बसमध्ये राहू द्यायचा नाही, एवढंच तिला त्या क्षणी सुचलं. पुलावर आल्यावर वारा लागला. आत्याच्या ओठांतून एक आवाज निघाला, शब्द नव्हता तो.

कल्याणातल्या एका खासगी दवाखान्यात त्यांनी आत्याला आत नेलं आणि दार लावून घेतलं. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये थंड हवा सोडलेली होती. सोनल खुर्चीवर बसली. ओला कुर्ता हळूहळू गार पडला आणि तिला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, आणि तिला त्या थंडीचा असा राग आला, की तिने उठून बाहेर उन्हात जाऊन उभं राहावं म्हटलं. पण आतलं दार कधीही उघडेल म्हणून ती तिथेच थांबली.

थोड्या वेळाने एक तरुण डॉक्टर बाहेर आली. तिने सांगितलं, की ताप खाली येतोय, बर्फ लावलात ते बरं केलंत, पण वय आहे, मूत्रपिंडांचं काय होतंय ते उद्यापर्यंत बघावं लागेल. मग तिने विचारलं, "कॅन्सरचं ऑपरेशन केव्हाचं? गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"मला माहीत नाही," सोनल म्हणाली.

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"मुलगी."

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात दोष नव्हता. नुसती एक जागा रिकामी राहिली होती आणि ती कुणीतरी भरून द्यावी, अशी वाट होती. सोनलने मान खाली घातली. भाऊ येतोय, त्याला विचारा, असं ती म्हणाली... आणि म्हणता म्हणता तिला कळलं, की आपण हे गृहीत धरलंय. सुदेशला ठाऊक असणार.

सुदेशला ठाऊक होतं. तो बारशाच्या कुर्त्यातच आला, केसांना फुलांच्या माळेतली पाकळी लागलेली. डॉक्टरशी तोच बोलला, गोळ्यांची नावं त्याने धडाधड सांगितली, ऑपरेशन कुठे झालं ते, किरणं कुठे दिली ते. मग सोनलशेजारी येऊन बसला. घरी पाहुणे जमले होते. त्याच्या बायकोने, ऐश्वर्याने, पाळणा तसाच ठेवून सगळ्यांना जेवायला वाढलं, एवढं त्याने सांगितलं. ते सांगून झाल्यावर उरलेलं बोलण्याशिवाय इलाज राहिला नाही.

"मी सांगणार होतो गं," तो म्हणाला. "तिनेच शपथ घातलेली. मुलाची नसतात का घालत, तशी. तेव्हा मला मूल नव्हतं, तर तिने स्वतःची घातलेली."

कधी, एवढंच तिने विचारलं.

तीन वर्षांपूर्वी. मार्चअखेर ऑपरेशन, मे महिन्यात किरणं. शेजारच्या व्हिक्टोरियाबाई आत्याबरोबर जायच्या, आळीपाळीने तो. खोपटहून रिक्षाने, भर दुपारी, कारण तीच वेळ मिळायची. किरणांनी आतून भाजायचं, बाहेरून ऊन. व्हिक्टोरियाबाई छत्री धरायच्या. आत्या तक्रार करायची नाही... नुसती एकदा म्हणालेली, की आजकाल मला घाम येत नाही या अंगाला. हे सगळं सुदेश जमिनीकडे बघत सांगत होता आणि सोनल ऐकत नव्हती. ती तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात जाऊन उभी राहिली होती.

त्या मे महिन्यात मी येणार होते.

फक्त तिकीट काढायचं राहिलं होतं. मग तिने बातम्यांत पाहिलं, इथे पारा चढलेला, उष्म्याची लाट, रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं. आणि तिच्या मनाने कच खाल्ली. दुसरं कारण नव्हतं. शोधायचं म्हटलं तरी दुसरं सापडत नाही. मे महिन्यात ठाण्यात कोण येईल, गारव्याला डिसेंबरात येते, असं ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली होती, आणि आत्या पडद्यावरून म्हणाली होती, नको गो येऊस, इथे आग पडलीय नुसती, तू आपली तिकडे थंड राहा. हसून म्हणाली होती. मागे देवघराची भिंत, पुढे आत्याचा चेहरा—मानेपर्यंत. दर रविवारी तेवढाच चेहरा, फोन टेबलावर डब्याला टेकवून ठेवलेला, नीट बेतलेला. नऊ वर्षं सोनलने मानेपर्यंतची आत्या पाहिली होती आणि तिला वाटलं होतं, आपण आत्याला बघतोय. त्या रविवारी मानेखाली ताजा वण असेल. किरणांनी भाजलेली कातडी असेल. त्याच रविवारी आत्याने तिला विचारलं होतं, जेवलीस का. आणि डिसेंबर आला, गेला. डिसेंबरचं काय झालं होतं, ते तर आठवतही नाही.

आधी तिला अपमान वाटला. हे कबूल करायला हवं—दुःखाच्या आधी अपमान. मला परकं केलंत तुम्ही. शेजारणीला ठाऊक, भावाला ठाऊक, मला नाही. ते तिने सुदेशला बोलूनही दाखवलं असतं, शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते, मला काळजी वाटू नये म्हणून लपवलंत ना, लहान मुलगी समजता मला... आणि सुदेशने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, जे तो बोलत नव्हता. राग नव्हे. दया असावी.

"काय?" ती म्हणाली. "बोल ना."

"मी तिला म्हटलेलं, ताईला कळवू, ती धावत येईल," सुदेश म्हणाला. "तर ती म्हणाली, आणि नाही आली तर? मग तिला तोंड कसं दाखवू मी?"

तो उठून पाणी आणायला गेला. की त्याला तिथे बसवेना म्हणून गेला.

सोनल बसून राहिली. वाक्य साधं होतं, आठ-दहा शब्दांचं, आणि ते तिच्या आत शिरायला वेळ घेत होतं. आत्याला तोंड दाखवता आलं नसतं? न येणारी मी, आणि तोंड लपवायचं तिने? ती ते उलटंसुलटं करून पाहत राहिली. आणि मग ते आपलं आपण उघडलं. आत्याने माझ्यापासून आजार लपवला नव्हता. तिने मला एक प्रश्न विचारायचं टाळलं होतं, कारण मी काय उत्तर देईन ते तिला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं, तिला होतं. मी उन्हामुळे येत नाही, हे कळलेल्या बाईने माझ्यावर दुसऱ्यांदा नाही म्हणायची वेळ येऊ दिली नव्हती. आणि बोलावूनही न आलेली मी पाहायची वेळ तिने स्वतःवरही येऊ दिली नव्हती. आणि सोनल स्वतःशी म्हणू लागली, आले असते, नक्की आले असते, कुणीही आलं असतं—आणि ते वाक्य तिच्याच कानाला खोटं लागलं. अगदी खोटं नाही. पण कोरडं. तिने ते पुन्हा म्हणून पाहिलं. आले असते. त्या वाक्यातून काही पाझरत नव्हतं.

संध्याकाळी तिला आत सोडलं. एकाच माणसाने जायचं होतं; सुदेशने तिला पुढे केलं.

आत्या पलंगावर लहान दिसत होती. हिरवा सदरा घातलेला, पाठीमागे नाड्यांनी बांधलेला, नाकाला नळी, दोन्ही काखांच्या जवळ अजून ओल्या घड्या. सदऱ्याखाली एक बाजू उंच होती आणि एक सपाट, आणि ते इथे कुणाला विशेष वाटत नव्हतं. कपाळावर बारीक, अगदी बारीक दव आलं होतं. सोनल तिथे उभी राहून ते बघत होती, आणि ते पुसायला तिचा हात होत नव्हता.

आत्याने डोळे उघडले. यावेळी त्यात ती होती. तिने छताकडे पाहिलं, पडद्याकडे, मग सोनलकडे, आणि ओळख पटल्याची ती जुनी, थोडी रागावल्यासारखी आठी तिच्या भुवयांमध्ये आली.

"बारसं?" तिने विचारलं. आवाज घशातच राहिला होता.

उद्या-परवा करू, तू घरी आल्यावर, असं सोनल म्हणाली. आत्याने डोळे मिटले, पुन्हा उघडले. मग तिची नजर स्वतःच्या अंगावरून खाली गेली, त्या हिरव्या सदऱ्यावरून, हळूहळू, जिन्याच्या पायऱ्या अंधारात चाचपत उतरावं तशी, आणि तळाशी पोचून थांबली. कितीतरी वेळ ती वर आली नाही.

"कुणी सोडली साडी?" आत्या म्हणाली.

नर्सने, असं म्हणता आलं असतं. तेवढा एक शब्द पुढे करून सगळं झाकता आलं असतं, आणि आत्यानेही ते घेतलं असतं, विश्वास न ठेवता घेतलं असतं, जसं तिने डिसेंबर घेतला होता. मग ती पुढच्या रविवारी पुन्हा मानेपर्यंत दिसली असती आणि मी तिला विचारलं असतं, जेवलीस का. ते शक्य होतं. ते सोपंही होतं, आणि सोनलच्या जिभेवर ते तयारही होतं.

"मी," ती म्हणाली.

आत्याने तिच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत काय होतं, ते सोनलला वाचता येईना—लाज होती, की सुटका, की नुसता शीण. मग आत्याने मान दुसऱ्या बाजूला वळवली, भिंतीकडे, आणि तशीच पडून राहिली. ती झोपली नव्हती. तिच्या श्वासावरून कळत होतं.

सोनल गेली नाही. परिचारिकेने वेळ संपल्याची खूण केली, तरी ती पलंगाचा थंड दांडा धरून उभी राहिली. माफी मागावी असं तिला वाटत नव्हतं, आणि रडूही येत नव्हतं. भिंतीकडे वळलेली ही पाठ आपण ओळखत नाही, असं तिच्या मनात स्पष्ट उमटलं—चेहरा ओळखतो, आवाज ओळखतो, आणि ही पाठ आपण आज पहिल्यांदा बघतोय. ती पाठ वळेल का, आणि वळली तर आपल्याला काय विचारेल, याची ती वाट बघू लागली. आणि या खेपेला उत्तर काय असेल, ते तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.